साथीच्या काळातली आरोग्याची माहिती: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं छोटं मेडिकल आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत काउंटरपलीकडून औषधांपेक्षा जास्त चौकशी माहितीची झाली. "वहिनी, हे खरं हाय काय बघा जरा," म्हणत माणूस मोबाइल पुढे करायचा आणि मागची रांग थांबून राहायची. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण मोबाइल पुढे करणं काही थांबलेलं नाही. डेंगू आला की पपईच्या पानांचा रस, स्वाइन फ्लू आला की कापराची पुडी, २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा चिकनचे मेसेज. प्रश्नांची जात तीच.

म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवते आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. उपचार डॉक्टरांनाच विचारा. पण हातात आलेल्या माहितीचं माणसं काय करतात, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

एवढी माहिती मिळत होती, तरी लोक गोंधळले कशाने?

माहितीचा पूर आला म्हणून. खरी, खोटी, अर्धवट, जुनी, परदेशातली अशी सगळी माहिती एकदम वाहत येते आणि नेमकी लागणारी हाताला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्येच याला 'इन्फोडेमिक' म्हटलं होतं.

पूर म्हटल्यावर कोल्हापूरकराला वेगळं काही सांगावं लागत नाही. पावसाळ्यात आपण काय करतो ते आठवा. सकाळी उठल्या उठल्या एकच प्रश्न: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, अजून किती पाणी येणार, हे चहाच्या टपरीवरही कळतं. आणि आकडा ऐकला की काय करायचं तेही ठरलेलं. सुतारवाड्यातली माणसं सामान बांधायला घेतात, नदीकाठची जनावरं हलवली जातात, शिरोलीकडून येणारे हायवे सुरू आहे का ते विचारून निघतात. २०१९ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, ते ज्याच्या त्याच्या भिंतीवर आहे.

म्हणजे एक आकडा, एक ठिकाण, ठरावीक वेळ, आणि आकड्याला जोडलेली कृती. आता कोविड आठवा. रोज सायंकाळी बाधित किती, मृत किती, बरे किती, पॉझिटिव्हिटी किती टक्के, देशात किती, राज्यात किती. दहा आकडे ऐकून माणूस जागच्या जागी बसायचा, कारण त्यातला एकही आकडा त्याला सांगत नव्हता की आज रात्री माझ्या दोन खोल्यांच्या घरात ताप आलेल्या बापाला झोपवू कुठे. लोक अडाणी आहेत म्हणून ऐकत नाहीत, असं त्या दिवसांत खूप जण बोलले. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. हीच माणसं पंचगंगेचा आकडा ऐकून घर सोडतात.

डॉक्टर सांगतात ते सोडून लोक नात्यातल्या माणसाच्या मेसेजवर विश्वास का ठेवतात?

कारण तो मेसेज काळजीपोटी आलेला असतो. इचलकरंजीच्या आत्त्याने रात्री साडेअकराला "सर्वांनी नाकात लिंबाचे दोन थेंब टाका" असं पाठवलं, तेव्हा तिला आपल्या भावाची पोरं जगायला हवी होती. डॉक्टर अनोळखी, घाईत, मास्कआड. आत्त्या आपली. मेसेजमधली माहिती खोटी होती, तिची माया खरी होती, आणि माणूस त्या मायेला होकार देतो.

शिवाय पाठवताना कोणी "हे खरं आहे का" असा विचार करत बसत नाही. 'उपयोगी पडलं तर पडू दे' असं मनात असतं. गॉर्डन पेनीकुक आणि डेव्हिड रँड यांच्या गटाने २०२० मध्ये अमेरिकेत हे तपासलं. एखादी गोष्ट खरी की खोटी असं थेट विचारलं, तर लोकांना बरंच ओळखता येत होतं. ती पुढे पाठवाल का, असं विचारलं की तीच माणसं खोटं-खरं फारसं बघत नव्हती. आणि आधी अचूकतेची नुसती आठवण करून दिली, तर पाठवण्यातली निवड सुधारत होती. मी काउंटरवर हेच करून पाहिलं. कोणी मोबाइल पुढे केला की आधी विचारायचे, "दादा, तुम्हाला काय वाटतं, खरं असंल?" निम्मे लोक तिथेच थांबून म्हणायचे, "तसं वाटत न्हाई खरं."

घरातल्या थोरल्या माणसाने चुकीचं काही पाठवलं, तर काय करायचं?

ग्रुपवर दुरुस्त करू नका. चाळीस नातेवाइकांसमोर काकांना "हे फेक आहे" असं लिहिलं की वाद औषधाचा राहत नाही, मानाचा होतो. काका पुढचे चार मेसेज मुद्दाम पाठवतील.

फोन करा. आधी तब्येत विचारा. मग, "काका, तुम्ही ते गरम पाण्याचं पाठवलं होतं ना, मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, घसा शेकायला बरं, पण त्याने विषाणू जात नाही. तुम्ही ग्रुपवर सांगाल का? तुमचं सगळे ऐकतात." दुरुस्ती काकांच्या तोंडून झाली की त्यांचा मान राहतो आणि माहितीही सुधारते. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत याला तीन फोन लागले. तिसऱ्या फोननंतर त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं, "मागील मेसेज चुकीचा होता, कोणी करू नये." त्याखाली अठरा जणांनी हात जोडले होते.

मेसेज खरा की खोटा, हे चटकन कसं ओळखायचं?

पहिल्यांदा तारीख शोधा. साथीत सर्वाधिक घोळ जुन्या माहितीने होतो. मार्च २०२० मधली सूचना मे २०२१ मध्ये फिरत असते आणि ती कधीतरी खरी असल्यामुळे जास्त पटते. मग सांगणारा कोण ते बघा. 'एका मोठ्या डॉक्टर मित्राने सांगितलं', 'मुंबईच्या नामांकित हॉस्पिटलमधून' असं असेल आणि नाव, हुद्दा, ठिकाण काहीच नसेल, तर ते सोडून द्या. रडत बोललेल्या ऑडिओ क्लिप तर ऐकूही नका. त्या ऐकून माणूस घाबरतो, आणि घाबरल्यावर काय करायचं ते त्यात कुठेच सांगितलेलं नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजच्या डोक्यावर दोन बाणांची खूण दिसली, तर तो बऱ्याच हातांतून आलेला आहे. एप्रिल २०२० मध्ये कंपनीने असे मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील अशी मर्यादा घातली, तेव्हा अशा मेसेजचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचं तिनेच सांगितलं. बोटाला थोडा अडथळा आला की माणूस थांबतो, एवढा त्याचा अर्थ. केंद्र सरकारच्या पीआयबीचा, म्हणजे पत्र सूचना कार्यालयाचा, फॅक्ट चेक विभाग नोव्हेंबर २०१९ पासून आहे. सरकारच्या नावाने आलेल्या सूचना तिथे पडताळता येतात. आपल्या राज्यात आरोग्याच्या चौकशीसाठी १०४ हा क्रमांक आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

एवढ्यानेही कळलं नाही तर? पाठवू नका. खरी माहिती एक दिवस उशिरा पोचली तर सहसा बिघडत नाही.

चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा होती ना?

हो, निखालस अफवा. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये तिने राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. पक्षी फुकट वाटले, पुरून टाकले. तांबडा-पांढरा ज्या गावात रविवारचा नेम आहे, तिथेही लोकांनी चिकन सोडलं. माणसं वाचवणारा एकही बदल त्यातून झाला नाही, आणि कर्ज काढून शेड उभारलेला शेतकरी बुडाला. अफवेने कुणाचं नुकसान होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी त्याला भेटावं.

काढा, वाफ, हळदीचं दूध, कापूर-ओव्याची पुरचुंडी: यात वाईट काय?

हळदीच्या दुधात वाईट काहीच नाही. साधा काढा बेताने घेतला तर घशाला बरं वाटतं. बरं वाटणं हीसुद्धा गोष्ट आहे, तिला मी हिणवणार नाही. आजारी माणसाजवळ बसून कोणीतरी काही उकळून देतं, त्याने धीर येतो.

पण दोन गोष्टी जपा. एक, प्रमाण. दिवसातून चार-चार वेळा मिरी-दालचिनीचा काढा पिऊन पोटात आग पडलेले किती तरी लोक माझ्याकडे आम्लपित्ताची गोळी मागायला आले. वाफ घेताना पातेलं उलटून पोरं भाजली. वाफेने फुफ्फुसातला विषाणू मरत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, ती म्हणजे वेळ. एप्रिल २०२१ मध्ये कापूर, ओवा, लवंग यांची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा मेसेज फिरला. दुकानात कापूर संपला. पुरचुंडीने कुणाला विष झालं नाही, पण ती हुंगत घरात काढलेला एक दिवस काही जणांना महागात पडला. घरगुती उपायाला माझी एकच कसोटी: हा उपाय करत असताना मी दवाखान्यात जायचं थांबवलंय का? थांबवलं असेल, तर तो उपाय नव्हे.

इराणमध्ये तर २०२० मध्ये दारूने विषाणू मरतो असं समजून लोकांनी मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल प्यायलं आणि शेकडो माणसं गेली. अफवेचा बळी म्हणतात तो हा.

सरकार आणि तज्ज्ञ स्वतःच बोलणं बदलत होते. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

हा प्रश्न रास्त आहे. त्याला दोन ओळींत उत्तर देणं म्हणजे विचारणाऱ्याचा अपमान होईल.

सुरुवातीला निरोगी माणसाने मास्क लावायची गरज नाही, असं सांगितलं गेलं. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला केंद्राने घरी शिवलेला मास्क वापरा म्हटलं, आणि जागतिक आरोग्य संघटना जूनमध्ये त्या मुद्द्यावर आली. आपण गोकुळच्या दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो, पेपर घेणं बंद केलं. पुढे कळलं की मुख्य धोका बंद खोलीतल्या हवेतून आहे, वस्तूंवरून फारच कमी. धुण्यात जेवढी ताकद गेली, तेवढी खिडक्या उघडण्यात गेली असती तर बरं झालं असतं.

आयव्हरमेक्टिनचं पाहा. एप्रिल २०२१ मध्ये घरी राहून उपचार घेण्याच्या सरकारी सूचनांत ती गोळी होती. जूनमध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या सूचनांत ती उरली नाही. माझ्याकडे त्या दोन महिन्यांत लोक मोबाइलवरची यादी दाखवून 'सेट' मागायचे: आयव्हरमेक्टिन, डॉक्सी, झिंक, व्हिटॅमिन सी. एका घरासाठी सहा सेट. जूनमध्ये तेच लोक विचारत होते, "मग आधी का दिली ओ?"

कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर आधी ४ ते ६ आठवडे होतं, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८ झालं, आणि १३ मे रोजी १२ ते १६. त्याच दिवसांत लस मिळत नव्हती. लोकांनी दोन आणि दोन चार केले: "लस नाही म्हणून अंतर वाढवलं." आता अंतर वाढवण्याला आधार होता. तोवर प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत १२ आठवडे किंवा अधिक अंतर असलेल्या गटात परिणामकारकता ८१ टक्क्यांच्या आसपास होती आणि ६ आठवड्यांहून कमी अंतराच्या गटात ५५ टक्के. पण टंचाईही खरी होती. दोन्ही गोष्टी एका वाक्यात कुणी मोकळेपणी सांगितल्या असत्या, तर लोकांनी समजून घेतलं असतं. सांगितल्या नाहीत, म्हणून संशय उरला.

तेव्हा बदलाला घाबरू नका. नवीन आजारात कालचं ज्ञान आज सुधारणारच. माझ्या दृष्टीने खरी परीक्षा अशी: बदल करणारा कारण सांगतो का, आणि काल आपण काय म्हटलं होतं ते कबूल करतो का? जो दोन्ही करतो, त्याचं पुढच्या वेळीही ऐका. उलट जो पहिल्या दिवसापासून शंभर टक्के खात्रीने एकच सांगतोय आणि सोबत बाटलीही विकतोय, त्याचं बोलणं कधी बदलणार नाही. ते खरं असण्याची शक्यताही तेवढीच कमी.

रेमडेसिव्हिरसाठी एवढी धावाधाव झाली. ते खरंच जीव वाचवणारं होतं का?

त्या रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर आधी एवढं सांगते: तुम्ही चूक केली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत ऑक्टोबर २०२० मध्ये दिसलं होतं की दाखल रुग्णांचे मृत्यू या औषधाने फारसे कमी होत नाहीत. २० नोव्हेंबरला संघटनेने ते न वापरण्याची शिफारस केली. दुसऱ्या एका चाचणीत बरं होण्याचे दिवस थोडे कमी झाले होते, आणि पुढे २०२२ मध्ये धोका जास्त असलेल्या सौम्य रुग्णांना लवकर दिलं तर उपयोग होतो, असंही मान्य झालं. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये ज्या रुग्णासाठी, ज्या टप्प्यावर, ज्या किमतीला लोक ते शोधत होते, तिथे ते जीव वाचवेल अशी खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं.

तरी चिठ्ठी यायची. एका संध्याकाळी गडहिंग्लजकडून आलेला एक तरुण काउंटरवर उभा होता. हातात एका खासगी दवाखान्याची चिठ्ठी, वर फक्त 'रेमडेसिव्हिर, ६'. पहिल्या दिवशी दोन, मग चार दिवस एकेक, असा तो सहाचा हिशेब. आमच्याकडे ते येतच नव्हतं. मी तसं सांगितल्यावर तो हलला नाही. म्हणाला, "मॅडम, नसलं तरी कुठं मिळंल त्याचं नाव लिहून द्या. आईला सांगाय पायजे की मी हिंडालोय." चिठ्ठीच्या घड्या घामाने मऊ पडल्या होत्या आणि सहाचा आकडा पुसट झाला होता.

मला तेव्हा कळलं की तो औषध शोधत नव्हता, निदान नुसतं औषध नाही. वॉर्डाच्या आत जायला मनाई, हात धरता येत नाही, तोंड बघता येत नाही. बाहेर उभ्या मुलाला आईसाठी करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे ही इंजेक्शनं आणणं. कागदावर नाव लिहून हातात दिल्याने माणसाला काम मिळतं, आणि पुढे ते मिळालं नाही की आयुष्यभराचा अपराधही मिळतो. ज्याने ती चिठ्ठी लिहिली त्याने बाहेर येऊन दोन मिनिटं बोलायला हवं होतं: हे मिळालं तर देऊ, नाही मिळालं तरी ऑक्सिजन आणि स्टेरॉइड सुरू आहे, तुमच्यावर काही अडलेलं नाही.

विशेष म्हणजे ज्या औषधाने खरोखर मृत्यू घटल्याचं सिद्ध झालं होतं, ते डेक्सामेथासोन, काही रुपयांत मिळणारं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या चाचणीत ते दिसलं: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू एक तृतीयांशाने कमी, ऑक्सिजनवरच्या रुग्णांत एक पंचमांशाने. पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना फायदा नाही. हा शेवटचा भाग वाटेत गळला. ताप आल्यावर दुसऱ्याच दिवशी मनाने स्टेरॉइड मागणारे लोक आम्ही परत पाठवले. साखर असलेल्यांत म्युकरमायकोसिसची, म्हणजे काळ्या बुरशीची, जी लाट २०२१ मध्ये आली, तिच्यामागे बेबंद साखर आणि बेहिशेबी स्टेरॉइड ही दोन कारणं होती.

ऑक्सिमीटर आणि एचआरसीटीच्या स्कोअरकडे किती लक्ष द्यायचं?

ऑक्सिमीटर हे आपल्या बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीसारखं चांगलं साधन, नीट वापरलं तर. नखाला रंग किंवा गडद मेंदी नको, हात गार नको, शांत बसून आकडा स्थिर होऊ द्यायचा. ९५ आणि वर असेल तर ठीक. मग सहा मिनिटं घरातल्या घरात चालायचं आणि पुन्हा बघायचं. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्तने उतरला, तर डॉक्टर. दर पाच मिनिटांनी बोट घालून बसलं तर आकड्यापेक्षा छातीची धडधडच वाढते. दम लागत असेल तर आकडा चांगला असला तरी जा.

एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा, 'स्कोअर' मात्र २५ पैकी किती, हे लोक दहावीच्या मार्कांसारखं विचारू लागले होते. "तुझा नऊ? माझा अकरा." सौम्य लक्षणांत, ऑक्सिजन चांगला असताना, मनाने सीटी काढण्यात काही अर्थ नव्हता. त्या आकड्याने घरी काय करायचं ते बदलत नव्हतं.

लस ७० टक्के प्रभावी म्हणजे १०० पैकी ३० जणांना आजार होणारच?

नाही. हा गैरसमज शिकलेल्या माणसांतही मी पाहिला. समजा, एका गावात लस न घेतलेल्या १,००० जणांपैकी ठरावीक काळात १०० आजारी पडले. तशाच परिस्थितीत लस घेतलेल्या १,००० जणांपैकी ३० आजारी पडले, तर लस ७० टक्के प्रभावी. म्हणजे १०० पैकी ३ जण. टक्केवारी ऐकली की नेहमी विचारा: किती जणांपैकी किती? लस घेऊनही आजार होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याची शक्यता बरीच कमी होते. लसीचं मुख्य काम ते.

पाळीच्या पाच दिवस आधी-नंतर लस घेऊ नये, हा मेसेज एप्रिल २०२१ मध्ये फिरला. तोही खोटा होता. माझ्याच पुतणीने त्यापायी ठरलेला दिवस चुकवला, आणि पुढचा मिळायला महिना गेला.

लोक आजार लपवत का होते? भीती दाखवली तर ऐकत नाहीत का?

भीती दाखवली की लोक ऐकतात, फक्त एक-दोन दिवस. मग लपवतात.

२०२० मध्ये ताप-खोकल्याची औषधं नेणाऱ्यांची नावं आणि फोन लिहून ठेवा, अशा सूचना आम्हा मेडिकलवाल्यांना आल्या. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की पॅरासिटामॉल 'डोकं दुखतंय म्हणून' जाऊ लागलं. एक मावशी तीन दिवस रोज येऊन वेगवेगळ्या शेजारणींसाठी गोळ्या नेत होत्या. चौथ्या दिवशी त्यांना काउंटरवरच खोकला आला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरलेले नाही: चोरी पकडल्यासारखं.

त्यांना कशाची भीती होती? विषाणूची नव्हे. दारावर स्टिकर लागेल, गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधतील, अ‍ॅम्ब्युलन्स येताना सगळे गॅलरीत उभे राहतील, पोराचं रोजंदारीचं काम सुटेल. परिचारिकांना भाड्याची खोली रिकामी करायला सांगणारी घरंही याच गावात होती. मी मावशींना खुर्ची दिली, पंखा लावला आणि वहीत न लिहिता आधी विचारलं, घरी कोण कोण आहे, जेवणाचं काय? अर्ध्या तासाने त्या स्वतःहून तपासणीला जायला तयार झाल्या. आजार सांगितल्याने आपलं काय होणार, याचं उत्तर मिळालं की माणूस आजार सांगतो. भीतीच्या सोबत ते उत्तर दिलं नाही, तर भीती वाया जाते.

मग लोक ऐकतात तरी कुणाचं?

ओळखीच्या तोंडाचं, आपल्या बोलीत. आशाताईंचं, तालमीतल्या वस्तादांचं, दूध संस्थेत सकाळी फॅट लावणाऱ्या माणसाचं, ज्याच्याकडे दोन वेळा सगळं गाव येतं. पश्चिम बंगालमध्ये २०२० मध्ये अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी यांची अडीच मिनिटांची छोटी चित्रफीत सुमारे अडीच कोटी लोकांना मोबाइलवर पाठवली गेली. नोबेल विजेता, पण बोलला बंगालीत, आपल्या माणसासारखा. लक्षणं असल्याचं आशांना कळवणाऱ्यांची संख्या दुपटीने वाढली, आणि ज्यांना मेसेज मिळाला नव्हता त्या शेजाऱ्यांतही तो बदल दिसला.

आशाताईंना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं. त्याआधी २०२० मध्ये त्या तुटपुंज्या मानधनावर, उन्हात, थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर घेऊन 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'साठी दारोदार फिरल्या होत्या. जिच्यावर लोकांचा सर्वाधिक विश्वास, तिला सर्वात कमी पैसे आणि सर्वात उशिरा माहिती. हे बदलल्याशिवाय पुढच्या साथीत पत्रकं छापून काही होणार नाही.

देवस्थानांचंही लोक ऐकतात. २०२० आणि २०२१ ची जोतिबाची चैत्र यात्रा भाविकांविना झाली. घरातूनच 'चांगभलं' म्हणणाऱ्या माझ्या आजीला कुणी आकडेवारी समजावली नव्हती. "देवानंच घरी बसाय सांगितलंय," एवढंच ती म्हणाली.

पूर्वीच्या साथींत असंच होतं का?

बरंचसं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. तोच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला. पुण्यात सैनिक घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले आणि २२ जून १८९७ ला इंग्रज प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. इकडे शाहू महाराजांच्या संस्थानात गावं उठून माळावर झोपड्यांत राहिली. 'प्लेगात गाव उठलं' हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात परवापरवापर्यंत होतं. घर सोडा, हाच सांगावा पुण्यात बंदुकीसह आला. माणसं लक्षात ठेवतात ती सांगण्याची रीत.

बातम्या बघून धडधडतं. काय करू?

सकाळी एकदा, सायंकाळी एकदा, दहा मिनिटं. झोपण्याआधी नाही.

पुन्हा साथ आली तर आमच्या गल्लीत, मंडळात आम्ही काय करू शकतो?

एक फळा लावा. पावसाळ्यात पंचगंगेची पातळी लिहायला अनेक तालमींबाहेर असतोच, तोच वापरा. रोज एका ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या वेळी, तीनच गोष्टी लिहायच्या: आज काय बदललं, आपण काय करायचं, कुठे विचारायचं. आशाताई किंवा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ओळ लिहायची नाही. चुकलं तर पुसून टाकू नका. त्यावर रेघ मारून खाली दुरुस्त करा, म्हणजे दुरुस्ती सगळ्यांना दिसेल.

आम्ही २०२१ च्या जुलैत तो लावला. कोविडची लाट मुंबई-पुण्यात ओसरली तरी कोल्हापुरात रेंगाळली होती, आणि वरून पाणी चढत होतं. त्या सकाळचा मजकूर मला पाठ आहे, कारण तो लिहिताना खडू दोनदा मोडला:

"पाणी ३९ फूट. घर सोडताना मास्क, रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत घ्या. ताप असेल तर निवाऱ्याच्या दारातच सांगा, कुणी परत पाठवणार नाही. चौकशी: आशाताई किंवा १०४."

शेजारच्या पोराने खाली वेळ लिहिली, सकाळी ८. साडेआठपर्यंत त्या फळ्याचे फोटो नदीकाठच्या गल्ल्यांत फिरत होते.